लघवीतली साखर आणि आपली घाई

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाची सहल पुलाउ उबीनला गेली होती. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी सांगते, सहल झकास झाली. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा माणसे जमली की बमबोट सुटते. आम्ही चाळीसच्या वर होतो, त्यामुळे चार बोटी झाल्या, आणि शेवटच्या बोटीतली मंडळी थालीपिठांचा डबा धक्क्यावरच विसरली. पण हा लेख सहलीचा वृत्तांत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी लिहावा. मला लिहायचे आहे ते त्या दिवशी झाडाखाली बसून झालेल्या एका संभाषणाबद्दल.

जेवणे झाली. लहान मुले सायकली घेऊन पळाली. आमच्यातल्या एका कुटुंबाकडे सांगलीहून वडील आले आहेत, वय ७२. त्यांना आपण काका म्हणू. काकांच्या सूनबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लॅबमध्ये होता ना? जरा हे बघता का?" आणि त्यांनी फोनवर एका रिपोर्टचा फोटो दाखवला. लघवीची साधी तपासणी होती. ग्लुकोजच्या रकान्यात चार अधिक चिन्हे होती आणि त्याभोवती त्यांनी लाल गोल केला होता.

"तिकडे डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी नवी गोळी दिली. आधी लघवीत साखर कधीच नव्हती. आता एवढी जाते म्हणजे किडनीवर आलं ना? आम्ही दहा दिवसांपूर्वी ती गोळी बंद केली."

डॉक्टरांना विचारले का, असे मी विचारले. नव्हते विचारले. ते सांगलीत, ही इथे, फोन लागत नाही, उगीच कशाला त्रास द्यायचा, वगैरे. काका मान खाली घालून बिनसाखरेचा चहा पीत होते. गोळीचे नाव पाहिले आणि घोटाळा माझ्या लक्षात आला. साखर लघवीतून बाहेर काढणे हेच त्या गोळीचे काम. रिपोर्टमधली ती चार चिन्हे म्हणजे गोळी पोटात जात असल्याची पावती होती.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. लग्नाआधी आणि नंतरही मिळून अकरा वर्षे मुंबईत पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, नंतर सिंगापूरला आले. औषध कुठले घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि हा लेखही ते सांगत नाही. पण रिपोर्ट हातात आल्यावर तो वाचायचा कसा, हे आपल्या घराघरांत नीट कळलेले नाही असे माझे ठाम मत झाले आहे. आणि त्या न कळण्याची किंमत मी माझ्या घरात मोजलेली आहे. ती गोष्टही पुढे सांगते.

आधी सगळे बाहेर, मग हवे ते आत

मूत्रपिंड म्हणजे रक्तातली घाण वेचून बाहेर टाकणारी गाळणी, असे आपण शाळेत शिकलो. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. मूत्रपिंडाची पद्धत आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी आहे. माळ्यावरचे एकेक नको ते शोधत बसायचे नाही. सगळे सामान अंगणात काढायचे, मग हवे ते एकेक करून परत आत न्यायचे. जे अंगणात उरले ते टाकून द्यायचे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. एकेका नेफ्रॉनच्या तोंडाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, ती चाळणी. तिच्यापुढे एक लांब वळणावळणाची नळी असते. चाळणीतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव नळीत उतरतो. लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे बाकीचे सगळे पाणी परत रक्तात जाते.

पाण्याबरोबर साखरही उतरते. निरोगी माणसाच्या रक्तातले प्रमाण धरून हिशेब केला तर दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज चाळणीतून खाली जाते. स्वयंपाकघरातली मोठी वाटीभर साखर समजा. प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्लेही उतरतात, दिवसाला अंदाजे ५० ग्रॅम. ही दोन्ही बाहेर गेली असती तर आपण कितीही जेवलो तरी उपाशीच राहिलो असतो. म्हणून नळीच्या अगदी सुरुवातीच्या भागातच ती परत उचलली जातात, आणि निरोगी माणसाच्या लघवीत साखर जवळजवळ शून्य राहते.

हे उचलण्याचे काम होते कसे? नळीच्या भिंतीतल्या पेशी आपल्या मागच्या बाजूने सोडियम, म्हणजे मिठातला घटक, सतत रक्ताकडे ढकलत असतात. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमचा तुटवडा असतो आणि नळीतले सोडियम आत शिरायला धडपडत असते. पण दार असे आहे की सोडियमला एकट्याने आत येता येत नाही. त्याने साखरेचा हात धरूनच यायचे. सोडियमच्या ओढीने साखर फुकटात आत येते, आणि मग मागच्या दाराने रक्तात जाते. या दारांना एसजीएलटी म्हणतात. क्रमांक दोनचे दार नळीच्या सुरुवातीला असते आणि साधारण ९० टक्के साखर तेच उचलते. राहिलेली पुढे क्रमांक एकचे दार उचलते.

हे मीठ-साखरेचे लग्न आपल्याला नवे नाही. जुलाब झाल्यावर आजी साखर-मीठ-पाणी देत असे, त्यामागे हेच आहे. आतड्यातही क्रमांक एकचे दार असते. तिथे साखर आणि मीठ जोडीने आत जातात आणि पाठोपाठ पाणी जाते. या जोडप्रवासाची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईनच्या बाटल्या संपत आल्यावर हेच पाणी हजारोंना पाजून जीव वाचवले. एका दाराचे ज्ञान किती उपयोगी पडते त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

अमिनो आम्लांची दारे निराळी, आणि एकच नव्हे तर प्रकाराप्रकाराने वेगवेगळी. त्यातलेही बरेचसे काम सोडियमच्याच ओढीवर चालते. एखाद्या घराण्यात यातले एक दार जन्मतःच बिघडलेले असते. सिस्टिन्युरिया या आजारात सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल परत उचलले जात नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्याचे खडे होतात. कुणाला अगदी तरुण वयात पुन्हा पुन्हा मुतखडा होत असेल, घरात दुसऱ्या कुणालाही तसे असेल, तर काढलेल्या खड्याची तपासणी जरूर करून घ्यावी. खडा खिशात घालून आणू नये, लॅबमध्ये द्यावा.

अण्णांची परीक्षानळी

आता माझ्या घरातली गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावात शाळामास्तर होते. १९७८ साली त्यांना मधुमेह निघाला. त्या काळी घरी रक्त तपासायचे यंत्र नव्हते. बेनेडिक्टचे निळे द्रावण असायचे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी असे रंग चढत गेले की साखर वाढली. अण्णा दर रविवारी सकाळी अंघोळीच्या आधी हा प्रयोग करीत. निळा रंग दिसला की ते खूश. त्या दिवशी दुपारी शिऱ्याला हरकत नसे.

निळा रंग त्यांना फसवत होता, हे मला लॅबमध्ये लागल्यावर कळले. मूत्रपिंडाची दारे मोजकी असतात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर जाईपर्यंत ती सगळी साखर परत उचलतात. सिंगापूरच्या रिपोर्टमध्ये हाच आकडा १० असा दिसतो, कारण इथले माप निराळे आहे. इथल्या आकड्याला १८ ने गुणले की आपल्याकडचा आकडा मिळतो. म्हणजे रक्तातली साखर १७० असली तरी लघवी स्वच्छच. वय वाढले की ही मर्यादा आणखी वर सरकते, आणि साखर दोनशेच्या पुढे गेली तरी द्रावण निळेच राहू शकते. त्याहून गंमत म्हणजे मधुमेहात मूत्रपिंड साखर सोडायला शिकत नाही. उलट ते अधिक दारे उघडून अधिक साखर परत आणते. जास्त झालेली संपत्ती बाहेर टाकण्याऐवजी तिजोरीच मोठी करण्यासारखे हे आहे.

अण्णांच्या पायांना सूज आली तेव्हा उशीर झाला होता. क्रिॲटिनिन अनेक वर्षे ठीक दिसत होते, कारण मूत्रपिंडाची निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा फारसा हलत नाही. लघवीतले प्रथिन कुणी वेळेवर मोजले नाही, आणि मीही सुचवले नाही. मी लॅबमध्ये दिवसाला पन्नास जणांच्या तपासण्या करीत होते, पण अण्णांची मागवली नाही. १९९९ साली त्यांना खाडीकाठचे घर सोडून माझ्या भावाकडे पुण्याला यावे लागले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. वर्षाचा हिशेब १५६ फेऱ्यांचा. मी इथून पैसे पाठवीत होते आणि वर्षातून एकदा जात होते. २००३ साली ते गेले. घर विकले नाही, पण ते पुन्हा त्या घरी राहायला गेले नाहीत.

चाळणी आणि दारे यांतला फरक

म्हणून माझे म्हणणे असे आहे की लघवीतल्या साखरेला आपण दोन्ही बाजूंनी चुकीचा मान देतो. साखर नाही म्हणून निर्धास्त होतो आणि साखर दिसली म्हणून घाबरतो. दोन्ही वेळा जे पाहायचे ते पाहतच नाही.

पाहायचे ते प्रथिन, त्यातले अल्ब्युमिन. साखर आणि अमिनो आम्ले आकाराने लहान. ती चाळणीतून खाली उतरणारच, आणि पुढे दारांतून परत येणार. ती लघवीत दिसली तर प्रश्न दारांचा असतो किंवा रक्तात त्यांची गर्दी झालेली असते. अल्ब्युमिन मोठे आहे. ते चाळणीतून फारसे उतरायलाच नको. ते लघवीत आले तर बहुधा चाळणीची जाळी सैल झाली आहे. मधुमेहात मूत्रपिंडाचा बिघाड बऱ्याच जणांत याच मार्गाने सुरू होतो, आणि सुरुवातीला ना वेदना, ना सूज, ना लघवीला त्रास.

यासाठी तपासणी आहे ती लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिॲटिनिनच्या गुणोत्तराची. तिला एसीआर म्हणतात. ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. इथल्या मापात तो आकडा साधारण ३ होतो. त्यावर असेल तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात, कारण ताप, जंतुसंसर्ग किंवा भरपूर व्यायाम यांनीही तो तात्पुरता वाढतो. रंगपट्टीच्या साध्या तपासणीत ही सुरुवातीची थोडी गळती कळेलच असे नाही. दुसरी तपासणी ईजीएफआर, म्हणजे क्रिॲटिनिनवरून काढलेला चाळणीचा वेग. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. मधुमेह असलेल्याने या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. एकीवर भागत नाही, दोन्ही हव्यात.

सिंगापुरात तर हे अधिकच. या देशात नव्याने मूत्रपिंड निकामी होणाऱ्यांपैकी साधारण तिघांत दोघांना कारण मधुमेह असते. आरोग्यमंत्र्यांनी २०१६ साली मधुमेहाविरुद्ध युद्धच पुकारले, आणि २०२२ च्या अखेरीपासून गोड पेयांच्या डब्यांवर अ ते ड अशी श्रेणी आली. इथल्या भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण चिनी वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आहे. आपण त्यातच येतो.

ती नवी गोळी

आता काकांच्या गोळीकडे वळू. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला गेला. १८८६ च्या सुमारास फॉन मेरिंग या जर्मन वैद्यांना दिसले की तो दिला की लघवीतून साखर जाऊ लागते. ते औषध म्हणून चालण्यासारखे नव्हते. पण ते ही दारे बंद करते एवढे पुढे कळले, आणि त्यावरून फक्त क्रमांक दोनचे दार अडवणारी औषधे बनली. डापाग्लिफ्लोझिन युरोपात २०१२ साली आले, मग कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आली. काही घराण्यांत हे दार जन्मतःच काम करीत नाही. त्या लोकांच्या लघवीत आयुष्यभर साखर जाते, रक्तातली साखर नेहमीसारखी असते आणि बहुतेक जण ठणठणीत असतात. नुसत्या साखर जाण्याने मूत्रपिंड बिघडत नाही, याचा हा निसर्गातला दाखला आहे.

पुढे जे दिसले ते अधिक महत्त्वाचे. दार अडवल्यावर साखरेबरोबर सोडियमही नळीत पुढे जाते. पुढे बसलेल्या पहारेकरी पेशींना ते कळते, आणि त्या चाळणीकडे येणारी रक्तवाहिनी जरा आवळतात. मधुमेहात चाळणीवर जो जादा दाब पडत असतो तो उतरतो. मूत्रपिंडाच्या आजारावर तीन मोठे अभ्यास झाले. २०१९ सालचा कॅनाग्लिफ्लोझिनचा ४,४०१ रुग्णांचा, २०२० सालचा डापाग्लिफ्लोझिनचा ४,३०४ रुग्णांचा आणि २०२२ सालचा एम्पाग्लिफ्लोझिनचा ६,६०९ रुग्णांचा. तिन्हींमध्ये आजार बळावण्याचा धोका नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा साधारण पाव ते दोन पंचमांशाने कमी झाला. अण्णांच्या वेळी हे नव्हते.

याच गोळीवर आणखी एका ठिकाणी लोक घाबरतात. दाब उतरल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो. रिपोर्ट बघून घरचे म्हणतात, बघा, किडनी गेली. ही घसरण थोडी असेल तर ती अपेक्षित असते. किती ती थोडी, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचे.

गोळी अगदी निरुपद्रवी आहे असेही नाही. साखर असलेल्या लघवीमुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊन खाज येऊ शकते. आपल्या घरांत सासूबाई सुनेला आणि वडील मुलाला हे सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. स्वच्छता ठेवावी आणि लाजू नये. दुसरे, उलट्या-जुलाब, तीव्र ताप, शस्त्रक्रिया किंवा निर्जळी उपास अशा वेळी ही गोळी काही दिवस थांबवायला सांगतात. कारण त्या स्थितीत रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. एकादशी करणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. म्हणजे थांबवण्याचे दिवसही ठरलेले असतात. ते रिपोर्टवरचा लाल गोल बघून ठरत नाहीत.

कांदळ आणि तिवर

जेवणानंतर आम्ही चेक जावाच्या पायवाटेवर गेलो. दोन्ही बाजूंना खारफुटी. काका सांगलीचे, त्यांना या झाडांची ओळख नव्हती, पण मी खाडीकाठची. म्हटले, "काका, हे कांदळ. हे मीठ मुळाशीच अडवतं, आत फारसं येऊच देत नाही. आणि हे तिवर. हे मीठ आत घेतं आणि पानावाटे बाहेर टाकतं." काकांनी पान चाटून पाहिले. खारट लागले. "म्हणजे माझी गोळी तिवराची," ते म्हणाले. मला याहून बरे सांगता आले नसते.

वाटेत एका तरुणाने प्रथिनांच्या पावडरीबद्दल विचारले. जास्त प्रथिन खाल्ले की रक्तात अमिनो आम्ले वाढतात आणि चाळणीचा वेग वाढतो. निरोगी मूत्रपिंड ते निभावून नेते. पण ज्याचा एसीआर वाढलेला आहे किंवा ईजीएफआर कमी आहे, त्याने डबा आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेही बाबा आणि व्यायाम करणारा मुलगा एकाच डब्यातून पावडर घेतात, असेही मी पाहिले आहे.

खर्चाचा हिशेब

या सदराचे नाव आरोग्य आणि अर्थ आहे, तेव्हा पैशांचेही बोलू. इथले नागरिक आणि कायम रहिवासी यांना मधुमेहाच्या तपासण्या व औषधांसाठी मेडिसेव्हमधून ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम वापरता येते. चाळिशीपुढच्यांनी २०२३ साली सुरू झालेल्या हेल्दिअर एसजी योजनेत नाव घातले नसेल तर घालावे. नोकरीच्या पासवर असलेल्यांनी कंपनीचा विमा जुनाट आजाराच्या बाह्यरुग्ण तपासण्या देतो का, हे कागद काढून वाचावे.

भेटीच्या पासवर आलेल्या आईवडिलांना यातले काहीच लागू होत नाही, आणि प्रवास-विमा आधीपासूनच्या आजाराला बहुधा वगळतो. तेव्हा माझा आग्रह असा, की विमानाचे तिकीट काढतानाच या दोन तपासण्या तिकडे करून घ्याव्यात. रिपोर्ट आणि मुक्कामभर पुरतील एवढी औषधे चिठ्ठीसह सोबत आणावीत. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातले मुख्य पेटंट २०२० साली संपले आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या तिकडे आल्या. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले आयुष्मान कार्ड काढून ठेवावे. त्याला उत्पन्नाची अट नाही. आपण इथून सोन्याची साखळी नेतो, भारी फोन नेतो. एसीआरला त्यांतल्या कशाइतकेही पैसे पडत नाहीत. अण्णांच्या १५६ फेऱ्या मी मोजल्या आहेत, म्हणून सांगते.

आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे फोन. तिकडच्या डॉक्टरांचा किंवा त्यांच्या कंपाउंडरचा क्रमांक आईवडिलांनी निघण्यापूर्वी आपल्याला द्यावा. गोळी बंद करण्याचा निर्णय घरात झाला, तर त्याच संध्याकाळी तो त्यांच्या कानावर घालावा. दहा दिवस थांबू नये.

काकांच्या सूनबाईंनी परतीच्या बोटीतूनच फोन लावला. या वेळी लागला. डॉक्टरांनी दोन-तीन प्रश्न विचारले, गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली आणि एसीआर करून पाठवा म्हणाले. तो आला ११०. म्हणजे चाळणी सैल होऊ लागली होती, आणि हीच गोळी आपण बंद केली होती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे. काका नोव्हेंबरपर्यंत इथे आहेत आणि मंगळवारच्या भजनाला येतात. भेटलात तर विचारा त्यांना, पुढची तारीख कोणती ते. मुद्दाम विचारा. आपल्या घरातलीही तारीख त्यामुळे आठवेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.